तवंग गेला कुठे? मुंबई बंदर, ऑगस्ट 2010

7 ऑगस्ट 2010 हा शनिवार होता. आषाढ संपत आला होता आणि दिव्याची अवस दोन-तीन दिवसांवर होती. श्रावण लागण्याआधी शेवटचं मासे-मटण करून घ्यावं, अशा बेतात अर्धा महाराष्ट्र होता. त्या सकाळी न्हावा-शेव्याहून बाहेर निघालेलं ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदरात शिरणारं ‘खलिजिया-3’ ही दोन जहाजं बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. ‘खलिजिया’ जुलैमध्येच एका अपघातातून गेलं होतं. ‘चित्रा’वर 1,219 कंटेनर होते आणि टाक्यांमध्ये 2,662 टन इंधन तेल. जहाज एका कुशीवर कलत गेलं आणि कुलाब्याच्या प्रॉन्ग्ज दीपगृहाजवळ चिखलात रुतलं. कंटेनर एकामागून एक पाण्यात घसरू लागले. त्यांतल्या काहींत कीटकनाशकं होती. माणसं सगळी वाचली. तेल मात्र सुटलं, सुमारे 800 टन.

पुढचे काही दिवस बंदराची वाहतूक ठप्प होती. तरंगत्या कंटेनरांमुळे कुणी जहाज हलवायला धजत नव्हतं. वृत्तवाहिन्यांवर कलंडलेलं जहाज आणि त्याभोवतीचा काळा तवंग दिसत होता. तटरक्षक दलाच्या बोटी आणि हेलिकॉप्टर त्या तवंगावर कसलासा फवारा मारत फिरत होते. दोन-तीन दिवसांत गळती थांबली आणि काही ठिकाणी तवंग फुटलेला, विरळ झालेला दिसू लागला. तेल ‘नष्ट’ केलं जात आहे, असं बातम्या सांगत होत्या. ते खरं नव्हतं. फवाऱ्यानं तेल नष्ट होत नाही, ते फक्त वरून खाली जातं. खाली गेल्यावर त्याचं काय होतं, यावर पन्नासहून अधिक वर्षं वाद चालू आहे आणि त्या वादातलं एक छोटं प्रकरण पुण्यातही लिहिलं गेलं आहे.

आधी, माणसानं काहीच केलं नाही तर समुद्र काय करतो ते पाहू. तेल पसरतं. त्यातले हलके भाग उडून जातात. मुंबई हायचं कच्चं तेल हलकं असल्यानं त्याचा मोठा हिस्सा पहिल्या काही दिवसांतच हवेत जातो. ऊन उरलेल्याचं रूप बदलतं. लाटा तेलात पाणी घुसळतात आणि तपकिरी, चिकट, लोण्यासारखा लगदा तयार होतो. त्याचं आकारमान मूळ तेलाच्या तीन-चार पट होऊ शकतं. असा लगदा एकदा झाला की त्याच्यावर कोणताही उपाय नीट चालत नाही. या सगळ्याबरोबर जिवाणूंचं काम सुरू होतं. समुद्राच्या तळातून तेल कोट्यवधी वर्षं झिरपत आलं आहे, त्यामुळे ते खाणारे जिवाणू प्रत्येक समुद्रात थोड्या संख्येनं असतातच. जेवण आलं की ते वाढतात. आधी सरळ साखळ्यांचे रेणू संपवतात, मग फांद्या असलेले, मग कडीदार. राळ आणि डांबर यांच्या वाट्याला जवळजवळ कुणीच जात नाही. दर पावसाळ्यात जुहूपासून गोव्यापर्यंत किनाऱ्यावर येणारे डांबरगोळे हेच नकोसं उरलेलं असतं.

‘चित्रा’च्या टाक्यांतलं तेल कच्चं नव्हतं. ते जहाजाच्या इंजिनात जाळायचं जड इंधन होतं. शुद्धीकरण कारखान्यात पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाला जे राहतं त्यापासून ते बनतं. उडून जाण्यासारखं त्यात फार थोडं असतं आणि जिवाणूंना न आवडणारं बरंच. जिवाणूंच्या बाजूनं पाहिलं तर सांडू शकणाऱ्या तेलांतलं हे सगळ्यात कठीण तेल.

आता फवारा. त्याला इंग्रजीवरून डिस्पर्संट म्हणतात. तेलकट कढईवर साबण जे काम करतो तेच काम तो समुद्रावर करतो. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं तेलाकडे. तेल आणि पाणी यांच्यामधला ताण त्यामुळे एकदम घटतो आणि लाटेच्या एका तडाख्यानं तवंगाचे बारीक थेंब होतात. इथे थोडं गणित केलं की मुद्दा स्पष्ट होतो. एक मिलिमीटर व्यासाचा थेंब फोडून 50 मायक्रॉनचे थेंब केले, तर एकाचे 8,000 होतात आणि तेलाचा पाण्याला लागणारा पृष्ठभाग 20 पट वाढतो. जिवाणू तेल खातो ते पृष्ठभागावरूनच. शिवाय इतके बारीक थेंब वर तरंगून येत नाहीत, पाण्यात लोंबकळत राहतात आणि प्रवाहाबरोबर दूरवर पातळ होत जातात. पानं वाढली की पंगत लवकर उठते, असा हा हिशेब. कागदावर तो निर्दोष आहे.

कागदाबाहेर त्याची पहिली मोठी परीक्षा 1967 साली झाली आणि ती वाईट झाली. 18 मार्चला ‘टोरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यासमोरच्या खडकांवर चढलं. त्यात सव्वा लाख टनांच्या आसपास कच्चं तेल होतं. ब्रिटिश सरकारनं जहाजावर बाँब टाकून तेल पेटवायचा प्रयत्न केला. किनाऱ्यावर आणि पाण्यावर मिळून सुमारे 10,000 टन डिटर्जंट ओतलं. हे डिटर्जंट कारखान्यांतल्या टाक्या धुण्याच्या जातीचं होतं आणि त्यातलं द्रावक अतिशय विषारी होतं. तेलानं माखूनही जिवंत राहिलेल्या खडकांवरच्या शिंपल्या डिटर्जंटनं मेल्या. त्या शेवाळ खात असत, त्या गेल्यावर खडक हिरवेगार झाले. जिथे नुसतं तेल आलं आणि कुणी धुतलं नाही, तो किनारा दोन-तीन वर्षांत सावरला. जिथे धुलाई झाली, तिथे दहा वर्षांहून अधिक काळ लागला. प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी हे खडक वर्षानुवर्षं मोजले, म्हणून आज आपल्याला हे माहीत आहे. आपल्याकडे कुठलीही गळती झाली की पहिल्या महिन्यात दहा समित्या किनाऱ्यावर जातात आणि दहाव्या वर्षी एकही जात नाही. हा राग मी आधीच काढून ठेवतो.

‘टोरी कॅन्यन’नंतर रसायनं बदलली. विषारी द्रावकं गेली, सौम्य मिश्रणं आली. मग प्रश्न असा उरला की सौम्य डिस्पर्संट उष्ण प्रदेशातल्या किनाऱ्याला उपकारक की अपायकारक? त्यासाठी 1984 साली पनामाच्या किनाऱ्यावर ‘ट्रॉपिक्स’ नावाचा प्रयोग झाला. खारफुटी, समुद्रगवत आणि प्रवाळ असलेल्या एका जागी कच्चं तेल सोडलं, दुसऱ्या जागी डिस्पर्संट मिसळलेलं तेल सोडलं आणि तिसरी जागा तुलनेसाठी तशीच ठेवली. विखुरलेल्या तेलानं पाण्याखालच्या प्रवाळाला आणि प्राण्यांना लगेच इजा केली, पण खारफुटी वाचली. नुसत्या तेलानं प्रवाळाला फारसं केलं नाही, पण खारफुटी मारली. ते तेल तिथल्या चिखलात पुढे कित्येक वर्षं सापडत राहिलं. म्हणजे डिस्पर्संट वापरणारा माणूस तेलाचा निकाल लावत नसतो. कुणी मरायचं हे तो निवडत असतो. आपत्तीच्या घाईत ही निवड हेलिकॉप्टरच्या दारात उभं राहून होते.

2010 साली हा वाद पुन्हा पेटला, आणि तोही मुंबईच्या अपघाताआधी काही महिने. 20 एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या खोदकाम फलाटावर स्फोट झाला. 11 कामगार गेले आणि दीड किलोमीटर खोलवरच्या विहिरीतून 87 दिवस तेल उसळत राहिलं. तिथे कोरेक्सिट नावाचं डिस्पर्संट सुमारे 70 लाख लिटर वापरलं गेलं. त्यातलं जवळजवळ 29 लाख लिटर थेट समुद्राच्या तळाशी, विहिरीच्या तोंडावर सोडलं. असं यापूर्वी कुणी केलं नव्हतं. कोरेक्सिटमधला एक मुख्य घटक आपल्या औषधाच्या दुकानात बद्धकोष्ठावरच्या गोळीत मिळतो. अर्थात गोळीत चालतं ते लाखो लिटरांत चालेलच असं नाही.

त्या वर्षी 24 ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. मुंबई-रायगडचे कोळी समुद्राला नारळ देत होते आणि त्याच दिवशी ‘सायन्स’ या नियतकालिकानं टेरी हेझन या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या गटाचा निबंध इंटरनेटवर प्रसिद्ध केला. आखातात 1,100 मीटर खोलीवर विखुरलेल्या तेलाचा जो ढग पसरला होता, त्यात त्यांना तेल खाणाऱ्या जिवाणूंची झपाट्यानं वाढ दिसली होती. पाणी अवघं पाच अंश सेल्सिअस असूनही तेलातल्या सरळ साखळ्या काही दिवसांत निम्म्या होत होत्या. डिस्पर्संटवाल्यांना हर्ष झाला.

पाच वर्षांनी, 2015 मध्ये, जॉर्जिया विद्यापीठातल्या सॅमंथा जॉय आणि सारा क्लाइन्डीन्स्ट यांच्या गटानं आखातातलंच खोल पाणी घेऊन प्रयोगशाळेत तोच ढग पुन्हा तयार केला. एका भांड्यात तेल, दुसऱ्यात तेल अधिक डिस्पर्संट. नुसत्या तेलात ‘मरिनोबॅक्टर’ हे पट्टीचे तेलखाऊ जिवाणू फोफावले. डिस्पर्संट घातल्यावर ते मागे पडले आणि ‘कोलवेलिया’ नावाचे दुसरे पुढे आले. हे दुसरे डिस्पर्संटच खात असावेत असा शास्त्रज्ञांचा कयास होता. तेलाचं विघटन डिस्पर्संटमुळे वाढलं नाही. आता हर्ष दुसऱ्या बाजूला झाला.

खरं कुणाचं? ज्या तेल कंपन्या डिस्पर्संटच्या बाजूनं आहेत त्यांचेही शास्त्रज्ञ यात उतरले आणि त्यांचा आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हता. बाटलीत तेल कुठे पळून जाऊ शकत नाही. समुद्रात थेंब झपाट्यानं पातळ होत जातात. बाटली ढवळली की डिस्पर्संट नसतानाही थेंब तयार होतात, मग फरक दिसणार कुठून? 2019 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनं सगळे अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असे परस्परविरोधी का, याचं बरंचसं उत्तर त्यांना प्रयोगांच्या पद्धतींतच दिसलं. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की डिस्पर्संटमुळे जिवाणूंना मदत होते का, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. तेल कोणतं, ते किती तास शिळं, पाणी किती खोल, त्यात नत्र आणि फॉस्फरस किती, यावर उत्तर फिरतं.

इथे पुण्याचं प्रकरण येतं. आम्ही कसबा पेठेतले लोक समुद्राशी नातं सांगू लागलो तर हसू येईल. आमचा समुद्राशी संबंध गणेश पेठेतल्या मासळी बाजारापुरता. आमच्या गटारात ओतलेलं गाडीचं जळकं तेलसुद्धा अरबी समुद्रात जात नाही. मुठेतून भीमा, भीमेतून कृष्णा, अशी त्याची वाट बंगालच्या उपसागराकडे जाते. पण कसब्यापासून काही किलोमीटरवर, पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, अदिती पंत यांनी काम केलं. औंध संस्थानच्या अप्पासाहेब पंतांची ही कन्या. पुणे विद्यापीठ, हवाई आणि लंडन असं शिक्षण घेऊन त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. 1983-84 मध्ये त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथे गेलेल्या पहिल्या दोन स्त्रिया त्या. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत आहे. पाषाणची गोष्ट मात्र फारशी कुणाला ठाऊक नाही.

मुंबईजवळच्या तेलानं दूषित झालेल्या समुद्राच्या पाण्यातून एक यीस्ट वेगळं काढलं गेलं होतं. नाव ‘यारोविया लिपोलिटिका’. पुण्याच्या सूक्ष्मजीव संग्रहात त्याला एनसीआयएम 3589 हा क्रमांक मिळाला. स्मिता झिंजर्डे आणि अदिती पंत यांनी या यीस्टवर निबंधांची मालिका लिहिली. हे यीस्ट खनिज तेलातल्या साखळीदार रेणूंवर वाढतं. त्याची पेशी तेलाच्या थेंबाला जाऊन चिकटते. पुढे त्याच्याकडून मेद, कर्बोदकं आणि प्रथिनं यांच्या मिश्रणाचा एक पदार्थ तयार होतो आणि हा पदार्थ तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात स्थिर ठेवतो. त्यावरचा निबंध 2002 सालचा आहे.

म्हणजे मुंबईच्या समुद्रातल्या एका पेशीला तेल फोडण्याचं रसायन आधीपासून बनवता येत होतं. फरक असा की ती आधी तेलाला चिकटते आणि मग, आपल्या गरजेपुरतं, आपल्या जागी ते तयार करते. हेलिकॉप्टरमधून पडणारं रसायन जिवाणू तिथे पोचले आहेत की नाहीत हे विचारत नाही. काही जिवाणूंना तर थेंबाला चिकटायचं असतं आणि बाहेरून आलेला साबण त्यांना चिकटूच देत नाही. जॉर्जियाच्या प्रयोगात मरिनोबॅक्टर का मागे पडले, याच्या एका संभाव्य खुलाशाची चाहूल पुण्याच्या या कामात लागते, असं मला वाटतं. पुण्यातले शास्त्रज्ञ असा दावा करत नाहीत, तो माझा आहे.

आता परत बंदरात. मुंबई बंदराचा बहुतेक भाग उथळ आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. ब्रिटनमध्ये, ज्यानं ‘टोरी कॅन्यन’चे चटके सोसले त्या देशात, 20 मीटरपेक्षा कमी खोलीच्या पाण्यात किंवा त्यापासून एका सागरी मैलाच्या आत डिस्पर्संट वापरायचं तर आधी खास परवानगी लागते. कारण साधं आहे. उथळ पाण्यात थेंबांना पातळ व्हायला जागा नसते. गढूळ पाण्यात ते गाळाच्या कणांना चिकटतात आणि तळाशी बसतात, जिथे शिंपल्या, कालवं आणि कोळंबीची पिल्लं असतात. तेल जड असेल तर डिस्पर्संट त्यात शिरायलाच वेळ घेतं. मुंबईचं पाणी कोमट होतं आणि पावसाळी लाटा होत्या, या दोन गोष्टी फवाऱ्याच्या बाजूच्या. बाकीच्या विरुद्ध.

तरीही फवारणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांच्यासमोर खारफुटी होती. अपघातानंतर तीनच दिवसांनी अमावास्या, म्हणजे उधाणाची भरती. त्या भरतीनं तेल खाडीच्या आत, झाडांच्या मुळांपर्यंत उचलून नेलं. घारापुरी, उरण, वाशी आणि अलिबागच्या बाजूची गावं, सगळीकडून काळ्या मुळांचे फोटो आले. खारफुटीच्या श्वासमुळांवर तेलाचा थर बसला की झाड गुदमरतं. त्याहून वाईट चिखलात घडतं. तेल खाणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो आणि खाडीच्या चिखलात वरचे काही मिलिमीटर सोडले तर प्राणवायू नसतो. समुद्रावर तुलनेनं लवकर खाल्लं गेलं असतं ते तेल चिखलात कित्येक वर्षं पडून राहतं. पनामाच्या प्रयोगानं हेच दाखवलं होतं. खोल पाण्यात, भरतीच्या आधी, तेल ताजं असताना फवारलं असतं तर ते योग्य ठरलं असतं, असं म्हणायला जागा आहे. पण जहाज बंदराच्या तोंडातच रुतलेलं होतं. खोल पाणी तिथे नव्हतंच.

किनाऱ्यावर पोचलेल्या तेलासाठी दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेला बोलावलं गेलं. त्यांचं ‘ऑइलझॅपर’ म्हणजे पाच प्रकारच्या जिवाणूंचं मिश्रण, मक्याच्या वाळल्या कणसाच्या भुशात बसवलेलं. जमिनीवर, तेल कंपन्यांच्या खड्ड्यांत, ते यशस्वी ठरलं आहे. तिथे माती उलटीपालटी करता येते, खत घालता येतं, पाणी मोजून सोडता येतं. किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते आणि पेरलेलं धुऊन नेते. आणि मुळात मुंबईच्या पाण्यात तेलखाऊ जिवाणूंचा तुटवडा कधी नव्हताच. इतक्या वर्षांच्या गळत्यांवर ते पोसलेले होते. कमी होता तो चिखलातला प्राणवायू, आणि तो पोत्यातून आणता येत नाही.

कोळ्यांचं काय झालं? पावसाळी मासेमारी बंदी उठण्याच्या तोंडावर हा अपघात झाला. जाळी दुरुस्त होऊन तयार होती. लोकांनी मासे खायचं सोडलं, ते तेलाच्या भीतीनं कमी आणि कीटकनाशकांच्या बातम्यांनी जास्त. श्रावण असल्यानं पुण्यात फारसं जाणवलं नाही. कोळीवाड्यांत जाणवलं. भरपाईसाठी त्यांना सरकारी दारं बरीच झिजवावी लागली.

प्रदूषण रोखण्यासाठी खास बांधलेलं ‘समुद्र प्रहरी’ हे जहाज तटरक्षक दलात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दाखल झालं. ‘चित्रा’नंतर दोन महिन्यांनी. आणि वर्षभरातच, 4 ऑगस्ट 2011 ला, ‘रॅक कॅरियर’ हे कोळशाचं जहाज मुंबईपासून सुमारे 20 सागरी मैलांवर बुडालं. पोटात 60,000 टनांहून अधिक कोळसा आणि शेकडो टन इंधन. पुन्हा तवंग, पुन्हा जुहूवर काळी वाळू, पुन्हा फवारे. या प्रकरणात समीर मेहता यांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2016 मध्ये जहाज कंपनीला 100 कोटी रुपये आणि कोळशाच्या मालक कंपनीला 5 कोटी रुपये भरायला सांगितलं.

माझा निकाल स्पष्ट आहे. मुंबई हायसारख्या खोल पाण्यात हलकं कच्चं तेल सांडलं आणि पहिल्या एक-दोन दिवसांत पोचता आलं, तर डिस्पर्संट जरूर वापरावं. तिथे ते जिवाणूंच्या कामाच्या आड येण्यापेक्षा कामी येण्याचीच शक्यता जास्त. पण प्रॉन्ग्ज दीपगृहाच्या आत, गढूळ आणि उथळ पाण्यात, जड इंधनावर ते फवारू नये. तिथे तरंगते अडसर, तेल शोषणारे बोळे, हातातली फावडी आणि खाडीच्या तोंडाशी वेळेत ताणलेली दोरखंडं यांवर पैसा खर्च व्हावा, आणि हे सगळं पावसाळ्याआधी गावागावांत ठेवलेलं असावं. फवारायचंच ठरलं तर कोणतं रसायन, किती लिटर, कुठे आणि किती खोल पाण्यावर टाकलं, हे तटरक्षक दलानं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळानं रोज संध्याकाळी जाहीर करावं. अमेरिकेत 2010 साली असे आकडे रोजच्या रोज दिले जात होते, इथेही ते देणं अशक्य नाही. आणि वाचकांनो, पुढच्या वेळी ‘तवंग नाहीसा झाला’ अशी बातमी छापून आली, तर संपादकांना पत्र लिहून एकच विचारा : कुठे गेला?